घड्याळजीचा थेंब

तुमच्या उजव्या पायाखालून बोलतोय मी. गाडीतल्या ब्रेकचं पेडल. तळहाताएवढा लोखंडी तुकडा, त्याच्यावर रेघारेघांचं रबर आणि पाठीमागे आत गेलेला दांडा, एवढाच माझा देह. गाडीत बसताना कुणी माझ्याकडे बघत नाही. स्टिअरिंगवरून हात फिरवतील, काचा पुसतील, हॉर्न वाजवून बघतील. माझ्या वाट्याला चपलेची माती. पण माणसाचं तोंड खोटं बोलतं, हातसुद्धा खोटं बोलतो, पायाला ते जमत नाही. माझ्यावर आलेला पाय घाबरलाय, रागावलाय की घराच्या ओढीने निघालाय, ते मला त्या माणसाच्या आधी कळतं.

म्हणून ही गोष्ट मला ठाऊक होती. बारा वर्षं एकट्याला ठाऊक होती.

माझी गाडी म्हणजे माजलेला वळू. दोन दारं, लांबलचक नाक, आणि त्या नाकाखाली आठ सिलेंडरचं इंजिन. सुरू केली की शेजारणीची भांडी फळीवर थरथरायची आणि शेजारीण खिडकीतून ओरडायची, "झालं का तुमचं विमान चालू?" बनवणाऱ्यांनी सगळा जीव त्या इंजिनात ओतला होता. पळवायची कशी याचा विचार शंभर जणांनी केला असेल. थांबवायची कशी, याचा विचार कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत उरकला असावा. चारी चाकांना साधे, जुन्या धर्तीचे ड्रम-ब्रेक, आणि चौघांची भिस्त एकाच पंपावर. तो गेला की चौघंही गेली.

आता माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मला दाबलं की माझा दांडा त्या पंपातला दट्ट्या पुढे सारतो. दट्ट्याला रबराच्या लहान लहान वाट्या बसवलेल्या असतात. त्या वाट्या ब्रेक ऑइल पुढे रेटतात, ते नळ्यांतून चाकाशी जातं आणि चाक धरलं जातं. पाय उचलला की ऑइल मागे येतं, चाक सुटतं, आणि मीही वर येतो. जायचं आणि परत यायचं. यातलं परत येणं चुकलं की माणसं मरतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

गाडी होती थोरल्या भावाची. लाकडाच्या वखारीत कामाला, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. घर चढाच्या माथ्यावर आणि वखार खाली गावात, त्यामुळे रोज तो लांबच लांब उतार उतरायचा. धाकटा भाऊ घड्याळजी. अरुंद खोलीतलं दुकान, डोळ्यात भिंग, आणि टेबलाच्या खणात बारीक तेलाची बाटली. बाटलीच्या बुचालाच सुई होती. जिथे काही हलतं तिथे एक थेंब, हा त्याचा नेम. दाराच्या बिजागऱ्या, वहिनीची कात्री, तिची शिवणाची मशीन, छत्रीच्या काड्या, काही म्हणून सोडायचा नाही. वहिनी म्हणायची, "भाऊजी, माझे गुडघे वाजतात हल्ली, तिथेही टाका एक थेंब." तो लाजून हसायचा. कुणाचं काही बिघडवावं असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

एकदा पंपातून ऑइल गळायला लागलं. थोरला म्हणाला, "गॅरेजवाला चार दिवस गाडी अडकवून ठेवील. तू बघ, तुझा हात हलका आहे." रविवारी धाकट्याने पंप खोलला, लखलखीत पुसला, नव्या वाट्या काढल्या. आणि बसवायच्या आधी, सवयीने, प्रत्येक वाटीला आपल्या बाटलीतला एकेक थेंब लावला. बोटाच्या टोकाने, बाळाला काजळ लावावं इतक्या मायेने.

मी वरून बघत होतो. तोंड असतं तर किंचाळलो असतो. घड्याळाच्या लोखंडाला ते तेल अमृत आहे. ब्रेकच्या रबराला विष. तेल लागलं की ते रबर आतल्या आत फुगत जातं. लगेच नाही. चोरपावलांनी.

सोमवारी थोरला खूश. "अरे, काय पकडतायत ब्रेक! नुसता पाय टेकवायचा अवकाश!" पकडत होते, कारण सोडत नव्हते. फुगलेली वाटी ऑइलला मागे येऊ देत नव्हती, आणि चाकं पाय उचलल्यावरही घासत होती. मंगळवारी मी वर यायला थोडा वेळ घेतला. त्याच्या लक्षात आलं नाही. बुधवारी तोच रोजचा उतार लागला. घासून घासून चाकं तापली, चाकांतलं ऑइल उकळलं, आणि वाफ झालेल्या ऑइलला काही रेटता येत नाही. त्याने मला तीनदा दाबलं. पहिल्यांदा मी अर्ध्यावर गेलो. दुसऱ्यांदा खाली टेकलो. तिसऱ्यांदा त्याचे दोन्ही पाय माझ्यावर होते.

लोक म्हणाले, वेगात होता. कागदावरही तेच लिहिलं गेलं. स्वभाव तसा होता, गाडी तशी होती, कुणाला शंका येणार? दारात येऊन बायका वहिनीला सांगून गेल्या, "आवरायला नको होतं का तुम्ही त्यांना?" ती ऐकत राहिली. धाकटा सगळ्यांत जास्त रडला आणि खरं रडला. त्याला काय ठाऊक!

मग बारा वर्षं शेडमध्ये, ताडपत्रीखाली. नाक चेपलेलं, काच फुटलेली, उंदरांनी सीटचा कापूस ओढून संसार थाटलेला. थोरल्याची लेक तेव्हा आठ-नऊ वर्षांची. ती ताडपत्रीखालून शिरायची आणि वडिलांच्या जागी बसून तोंडाने इंजिनाचा आवाज काढायची. तिचा पाय माझ्यापर्यंत पोचत नव्हता, आणि मला त्यातच बरं वाटायचं. पण पोरी काय, वाढतातच. एक दिवस पाय पोचला.

शिकत असतानाच खाली गावात पाणी शुद्ध करण्याच्या कारखान्यात तिची नोकरी ठरली, रुजू व्हायचं पुढच्या वर्षी. घरी येऊन पहिलं वाक्य काय, तर "मी बाबांची गाडी घेऊन जाणार."

वहिनी मशीनवर होती. पाय थांबला. "त्या गाडीचा विषय काढू नकोस."

"आई, गाडी वाईट नव्हती गं."

"गाडी चांगली की वाईट ते मला कळत नाही. माणूस परत आला नाही, एवढं कळतं."

दोन महिने घरात याच्यावरून धुसफूस चालली. शेवटी वहिनीनेच अट घातली. "आधी ती थांबते हे मला दाखवा. पळते हे मी पाहिलंय."

घड्याळजी काकांनी ते मनावर घेतलं. केस पांढरे झाले होते, पण हात तसाच. "वहिनी, मी स्वतः करतो. परक्याच्या हाती देत नाही. माझी पुतणी बसणार आहे तीत." आठ महिने एकही रविवार त्याने सोडला नाही; आधी नाक, काच, इंजिन मार्गी लावलं आणि मग ब्रेककडे वळला. आणि काम कसं केलं म्हणता! पुढच्या चाकांचे ड्रम काढून जास्त खात्रीच्या डिस्क बसवल्या. एका खणाचा पंप फेकून दोन खणांचा आणला, पुढच्या चाकांचा वेगळा आणि मागच्यांचा वेगळा, म्हणजे एक गेला तर दुसरा धरेल. गंजलेल्या नळ्या उपटून नव्या पोलादी नळ्या हाताने वळवून घातल्या. मागच्या चाकांचा जोर बेताचा राहावा म्हणून मध्ये झडप बसवली, नाहीतर जोरात दाबल्यावर मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. सगळं वाचून, विचारून, दोनदा मोजून. मला बदलायचं होतं, पण माझ्या मापाचं दुसरं मिळेना, म्हणून घासूनपुसून, नवं रबर चढवून पुन्हा तिथेच टांगलं.

मला बरं वाटायला लागलं होतं. खरंच.

मग शेवटचा रविवार आला. नव्या वाट्यांची पुडी त्याने फोडली, स्वच्छ फडक्यावर ओळीने मांडली. पंपाच्या, डिस्कच्या आणि मागच्या चाकांच्या. आणि खिशातून ती बाटली काढली.

प्रत्येकीला एक थेंब. या वेळी तर त्याने ओठांतल्या ओठांत भावाची आठवणही काढली.

गुरुवारी सकाळी मायलेकी उतार उतरणार होत्या. पोरीला कामावर रुजू व्हायचं होतं आणि वहिनीला तिची खोली लावून द्यायची होती. मी दिवस मोजत बसलो.

सोमवारी पोरीने घराभोवती चार चकरा मारल्या. सपाट रस्ता, हलका पाय. उतरली ती हसतच. "काका, काय पकडतायत ब्रेक! बोट ठेवलं तरी थांबते!"

तेच शब्द, तोच आनंद. काकांनी भिंग पुसायचं फडकं काढून डोळे टिपले.

मंगळवारी मी वर यायला उशीर केला. जेवढा करता आला तेवढा केला, म्हणजे कुणी बघेल. पोरगी रेडिओची तार जोडण्यात गुंग होती.

बुधवारी दुपारी वहिनी आली. बारा वर्षांत गाडीजवळ फिरकली नव्हती. हातात सीटची नवी गवसणी, तिनेच शिवलेली, जाड निळ्या कापडाची. ती चढवायला म्हणून चालवणाऱ्याच्या जागी बसली, शिवणी ताणल्या, कोपरे आत खोचले, आणि नीट बसली का बघायला मागे टेकली. टेकताना पाय पुढे आला आणि माझ्यावर पडला.

तो पाय मी विसरणार नाही. टाच भेगाळलेली, चवडा मात्र हुशार. तीस वर्षं शिवणाच्या मशीनचं पायडल चालवलेला पाय. तिने मला सहज दाबलं, सहज सोडलं.

मी वर आलो नाही. अर्ध्यात रेंगाळलो आणि मग हळूहळू, म्हाताऱ्यासारखा आलो.

तिने खाली वाकून बघितलं. पुन्हा दाबलं. पुन्हा सोडलं. मग दार उघडून हाक मारली, "भाऊजी! हे झोपलंय."

काका आले. "काय झालं, वहिनी?"

"पाय उचलला तरी हे पायाबरोबर येत नाही."

"नवं काम आहे. घट्ट असतं सुरुवातीला."

"घट्ट असतं ते जाताना घट्ट असतं. हे येताना अडतंय."

काका जरा दुखावल्यासारखं हसले. "वहिनी, शिवणाची मशीन नव्हे ती."

"नसेल. पाय तर माझाच आहे ना?"

पोरगी मध्ये पडली. "आई, उद्या निघायचंय. उगाच खुसपट काढू नकोस."

वहिनी चिडली नाही. शांतपणे म्हणाली, "मी इथे बसते. गिअर काढलाय. तुम्ही दोघं ढकला बरं."

सपाट फरशी होती. रविवारी हीच गाडी पोरीने एकटीने खांदा लावून शेडबाहेर काढली होती. आज दोघांनी ढकलली. हलली नाही. पोरीने पुढच्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. गाडी नुकतीच फक्त दुकानापर्यंत जाऊन आली होती. चाक तव्यासारखं तापलेलं.

"काका," ती म्हणाली. मग बोटाने चाक दाखवलं.

तिनेच ट्रकच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला बोलावलं. जाडजूड माणूस, बोलणं हातोड्यासारखं. त्याने मला एकदा हाताने दाबून सोडलं, "हं" केलं आणि सरळ पंप खोलला. दट्ट्या ओढला तर येईना. चिमट्याने ओढून काढला आणि त्यावरची वाटी बोटांत धरून उजेडात नेली.

"बघा. भिजत घातलेल्या वाटाण्यासारखी टम्म फुगलीय. यात साधं तेल गेलंय. कुणी घातलं?"

काका म्हणाले, "पुडीच जुनी असेल. हल्ली माल कसा मिळतो तुम्हाला माहीतच आहे."

मिस्त्रीने वाटी नाकाजवळ नेली. "माल नवा आहे. वास येतोय तेलाचा. गोडसर. मशीनच्या तेलासारखा."

वहिनी दिराकडे बघत होती. त्याच्या खिशाकडे नाही, तोंडाकडे. काकांनी मान खाली घातली.

"मी लावलं. प्रत्येकीला एक थेंब. बोटाच्या टोकाने."

"बोटाच्या टोकाने!" मिस्त्री खेकसला. "अहो, त्या बोटाने माणूस मरतो! या रबराला ब्रेक ऑइलशिवाय काही लागता कामा नये. सपाटीवर रखडत रखडत चार दिवस काढले असते या गाडीने. उतारावर उद्या सकाळीच…" पुढचं त्याने गिळलं. पोरगी तिथेच उभी होती.



मग वहिनी बोलली. आवाज चढला नाही, उलट आणखी खाली गेला. "तो रविवार होता. मी तुम्हा दोघांना चहा दिला होता. तुमचे हात भरलेले म्हणून कप मीच धरला होता तुमच्या तोंडाशी. बुधवारी ते गेले."

"वहिनी…"

"तेव्हाही लावला होतात?"

काकांची मान एकदा वरखाली झाली. ते चाकाशेजारी खाली बसले, आणि मिस्त्रीला कळलं की आपण या घरात काय उघडलं. तो हत्यारं उगाच फडक्याने पुसत राहिला.

"बारा वर्षं लोक म्हणतात, वेगात होते," वहिनी म्हणाली. "मीही म्हटलंय. मनात त्यांनाच बोल लावलाय मी." पदर तोंडाशी नेला, पण रडली नाही. मिस्त्रीकडे वळली. "हे सगळं उपसा. एकही रबर ठेवू नका. आणि आम्ही बघत राहणार."

गुरुवारचं जाणं रद्द झालं. कारखान्याला पोरीने कळवलं. मिस्त्रीने रबराची प्रत्येक वस्तू काढून फेकली, मऊ नळ्यासुद्धा. पंप आणि पोलादी नळ्या धुऊन धुऊन कोरड्या केल्या. नव्या वाट्या ब्रेक ऑइलमध्येच बुडवून बसवल्या. मग नळ्यांत अडकलेली हवा काढायची. सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात. मिस्त्री चाकाशी, पोरगी माझ्यावर. "दाब. धर. धरून ठेव, सोडू नकोस! आता सोड." शंभरेक वेळा. काका हात पाठीमागे बांधून उभे होते, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत.

मग सपाट रस्त्यावर आधी हळू, नंतर जोरात, पंधरा-वीस वेळा थांबवून बघितली. दर वेळी मिस्त्रीने उतरून चाकांजवळ हात नेला. शेवटी म्हणाला, "आता न्या."

शनिवारी सकाळी सामान भरलं. पोरीने किल्ली हातात घेतली तेवढ्यात वहिनीने ती काढून घेतली आणि दिरापुढे धरली.

"भाऊजी, तुम्ही चालवा. आम्ही दोघी मागे बसतो."

पोरगी दचकली. "आई, काकांचे हात बघ कसे थरथरतायत."

"हात नाही, पाय लागतो त्याला."

ही माफी होती की शिक्षा, ते मला आजही सांगता येत नाही. तो बसला. बूट काढून ठेवला आणि अनवाणी पाय माझ्यावर ठेवला. थंडगार. घामाने ओला.

उतार लागला. मी त्याच्या पायाखाली गेलो आणि परत आलो. गेलो आणि परत आलो. दर वळणाला तो एकदा जास्तच दाबायचा, खात्री करायला. मग थोरला गेला ते वळण आलं. कठड्याचा नवा दगड अजून बाकीच्यांहून पांढरा दिसतो. त्याने मला दाबलं, आणि त्या पायातून जे काही खाली उतरलं ते मी कधी कुणाच्या पायात अनुभवलं नव्हतं. मी धरून राहिलो. गाडी वळली.

खाली सपाटी आली. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं, हातब्रेक ओढला. पण पाय उचलेना. दोन्ही पाय माझ्यावर, सगळा भार माझ्यावर, आणि मान स्टिअरिंगवर टेकलेली.

बऱ्याच वेळाने मागून आवाज आला. "उचला आता पाय, भाऊजी."

आता मी खाली गावातच असतो. पोरगी चालवते, पाय नीट ठेवते. काका गाडीत बसत नाहीत. भेटायला बसने येतात, बसनेच जातात. वहिनी त्यांच्याशी बोलते. जेवायलाही वाढते. पण परवा मायलेकी गाडीत बोलत होत्या, वरच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय म्हणे. पोरगी म्हणाली, "काकांना देऊ?" वहिनी खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "राहू दे. आहे तसं राहू दे."

मला तुमच्याकडून काही नको. ना पॉलिश, ना कौतुक. गाडी काढायच्या आधी मला एकदा दाबा आणि सोडा, आणि क्षणभर बघा. कुणी म्हणालं की हे परत येत नाहीये, तर त्याला गाडीतलं किती कळतं हे विचारत बसू नका. ब्रेक फारच छान पकडायला लागले तर आनंदाने टाळ्या पिटू नका, चाकाशी हात न्या. आणि मी यायला उशीर केला, तर तुम्ही निघू नका.